जास्त भिजलेले पोहे

नातीने मोबाइलवर पोह्यांची पाककृती लावली होती. त्यातली बाई पुन्हा पुन्हा बजावत होती, पोहे ओव्हरसोक करू नका.

"म्हणजे काय जी आबाजी?"

"गरजेपेक्षा जास्त वेळ पाण्यात ठेवणं," मी सांगितलं. "पोहे, डाळ, साबुदाणा, कशालाही म्हणता येतं." पुढचा दाखला आमच्याच घरातला होता. तो तिला दिला नाही. इथे लिहून ठेवतो.

धंतोलीत, दवाखान्यांच्या गल्लीत, मी आणि माझा मेहुणा तर्री-पोह्यांची गाडी चालवत होतो. इतवारीच्या बाजारातून जाड पोहे मी पारखून आणायचो. ते चाळणीत धुवायचे, वर ओलं फडकं टाकायचं, पाण्यात मुळीच ठेवायचे नाहीत, हा माझा नियम. मेहुण्याला त्या चाळणीचा कंटाळा. एका सकाळी मी तर्री ढवळत असताना त्याने सगळे पोहे पातेल्यात बुडवून ठेवले. लगदा झाला. प्लेटा परत येऊ लागल्या, तसा तो गिऱ्हाइकांना म्हणाला, "भाऊजीचं वय झालं ना जी आता. पाण्यात टाकते अन् भुलून जाते."

लोक हसले. मीही हसलो. बायकोचा एकुलता भाऊ, त्याला चारचौघांत काय बोलायचं! पण तेच त्याने घरीही सांगितलं. मुलाने मला घरी बसवलं. गाडी आता तो आणि मेहुणा चालवतात. बायको माझ्यामागे गॅस तपासू लागली, बाजारात एकटं जाऊ देईना. माझं डोकं शाबूत आहे हे सांगायचं, तर तिचा भाऊ खोटा पडणार होता. ती धास्तावत गेली आणि मी गप्प राहिलो.

नातीने ओव्हरसोकचं विचारलं, त्याच रविवारी मेहुणा जेवायला आला. "भाऊजी, जेवले हे तरी ध्यानात राहीन ना?"

"ते पोहे तू भिजवले होते," मी म्हणालो.

तो वरणात लिंबू पिळत राहिला. "जुन्या गोष्टी काहाले काढता जी?" नाही मात्र म्हणाला नाही.

बायकोने भावाकडे पाहिलंही नाही.

"मी डॉक्टरले विचारून आली होती," ती मला म्हणाली, "का उद्या मी तरी तुम्हाले ओळखू येईन का. अन् तुम्ही नुसते पाहून राहिले होते?"

ती उठून आत गेली. मेहुण्याने पोळ्यांचा डबा आपल्याकडे ओढला, आणि माझ्या मुलाने पोळीसाठी आपलं ताट त्याच्यापुढे धरलं.