करिदिन

तक्त्याचं काम माझ्याकडे आलं ते माझं अक्षर बरं होतं म्हणून. बंगळूरच्या आमच्या शाळेत तेव्हा बाईंना एकच ध्यास: पोरींना जग कळलं पाहिजे. मोठा ड्रॉइंग पेपर, वर मथळा ‘देशोदेशींचे राष्ट्रीय दिवस’, खाली तीन रकाने. देश, तारीख, कशाची आठवण. साठ-एकसष्ट साल असेल, मी अकरा वर्षांची. आफ्रिकेत नवे देश इतक्या भराभर जन्माला येत होते की रोज रेघा वाढवाव्या लागायच्या, आणि माझी शाईची बोटं वेणीलाही लागायची.

तिसऱ्या रकान्याने माझी झोप उडवली. फ्रान्सवाल्यांनी म्हणे तुरुंग फोडला, त्याची सुट्टी. अमेरिकेने एका कागदावर सह्या केल्या, त्याची सुट्टी. मेक्सिकोत एका पाद्र्याने घंटा वाजवली, तिची. जपानात तर राजाचा नुसता वाढदिवस! मी बाईंना विचारलं, “त्या फुटलेल्या तुरुंगाच्या शिपायाच्या मुलीला त्या दिवशी सुट्टी मिळते का?” बाई म्हणाल्या, “तू रेघा सरळ मार.”

पण माझ्या डोक्यातला किडा काही जाईना. कारण तक्त्याची शेवटची ओळ आमच्याच राज्याची होती. एक नोव्हेंबर. भाषेप्रमाणे राज्यं झाली तेव्हा कन्नड बोलणारे सगळे मुलूख त्या दिवशी एका राज्यात आले. बंगळुरात त्याचा उत्सव. आणि त्याच दिवशी आईचं माहेर, बेळगाव, तिच्या मनाविरुद्ध त्याच राज्यात आलं. माझा मामा ‘आम्हाला महाराष्ट्रात घ्या’ म्हणत मिरवणुकीत गेला आणि तुरुंगात बसून आला. बेळगावात आमची माणसं एक नोव्हेंबरला काळा दिवस म्हणायची.

आमच्या घरी मात्र तसं म्हणायची सोय नव्हती. वडील सरकारी कारखान्यात, क्वार्टर कारखान्याचं, शेजार सगळा कन्नड. “उगाच बोभाटा नको,” वडील म्हणायचे. ‘काळा’ काय, ‘दिवस’ काय, दोन्ही शब्द गल्लीतल्या कुणालाही कळले असते. म्हणून आईने युक्ती काढली. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवसाला आपल्यात करिदिन म्हणतात, अशुभ दिवस. तोच शब्द तिने एक नोव्हेंबरला लावला. त्या दिवशी ती काळी चंद्रकळा नेसायची आणि घरात फोडणी पडायची नाही. दहीभात खायचा आणि गप्प बसायचं. कुणी विचारलं तर आमचा करिदिन.

आणि नेमकं मला शेवटच्या ओळीवर भाषण करायला सांगितलं होतं. कन्नडमध्ये, एक नोव्हेंबरला, शाळेच्या स्टेजवर.

मला ते हवं होतं. काय सांगू किती हवं होतं! टाळ्यांसाठी जीव नुसता टांगणीला लागला होता. आईला मी अर्धंच सांगितलं: “तक्त्यावर बोलायचंय.” कधी, कशावर, काही नाही. भाषण पाठ करून घेतलं शेजारच्या अक्कांनी. अक्का म्हणजे आमच्या भिंतीपलीकडच्या, पोटी मूल नसलेल्या, माझ्या केसांत रोज कनकांबर, म्हणजे आपली अबोली, माळणाऱ्या. शेवटचं वाक्य त्यांनीच घातलं: “इंदु मनेमनेयल्लू संतोष.” आज घराघरात आनंद. मने म्हणजे घर. “ल्लू जोरात म्हण,” अक्का सांगायच्या. मी रोज त्यांच्याकडे जोरात म्हणायची आणि घरी येऊन चोरासारखी पाटावर बसायची. जेवण जाईना, अभ्यास होईना. आईने दोनदा पोट बघितलं, जंत झाले असतील म्हणून एरंडेल पाजलं. खाई त्याला खवखवे, दुसरं काय!

तो दिवस उजाडला. मी परकर-पोलकं घालून दाराशी घुटमळत होते, तेवढ्यात अक्का आल्या. हातात ताट, त्यात ओबट्टू, म्हणजे आपली पुरणपोळी. “चला, निघायचं ना?” त्या आईला कन्नडमध्ये म्हणाल्या आणि चंद्रकळा बघून थबकल्या. “आज काळं का नेसलात?”

आईने ठरलेलं उत्तर दिलं. “आज आमचा करिदिन असतो.”

“करि दिन?” अक्का म्हणाल्या. मग सावकाश, शब्द तोडून, “करि... दिन?”

मला आधी कळलं, आईला मागून. करि म्हणजे कन्नडमध्ये काळा. दिन तर दिनच. आईने गल्लीपासून लपवायला जो शब्द घरातून शोधून काढला होता, तो तिच्याच शेजारणीच्या भाषेत ‘काळा दिवस’ असाच होता. आई बेळगावची, कन्नड तिला पाण्यासारखं यायचं, पण हा शब्द तिने जन्मात कधी कन्नड कानांनी ऐकला नव्हता.

अक्कांच्या हातातलं ताट तसंच राहिलं. “आणि आज तर पोरीचं भाषण आहे,” त्या म्हणाल्या, “राज्योत्सवाचं. तुम्हाला ठाऊक नाही?”

झालं. एका दमात दोघींची चोरी उघडी पडली. आई माझ्याकडे वळली. मारेल असं वाटलं, मारलं असतं तर बरं झालं असतं.

“म्हणून दाखव,” ती म्हणाली.

मी म्हटलं. सगळं, शेवटपर्यंत. ‘मनेमनेयल्लू’ला आवाज इतका बारीक झाला की मलाच ऐकू आला नाही.

“घराघरात?” आई म्हणाली. “बरं. जा, उशीर होईल.”

मला वाटलं ती येणार नाही. पण स्टेजवर उभी राहिले तेव्हा ती दिसली, मागच्या ओळीत अक्कांच्या शेजारी, पिवळ्या-तांबड्या साड्यांमध्ये एकटी काळी. वाटलं, ते वाक्य गाळावं. खरंच वाटलं. पण समोर दोनशे पोरी, बाई पहिल्या खुर्चीत, आणि मला त्या मेल्या टाळ्या हव्या होत्या. मी म्हटलं. ल्लू जोरात. टाळ्या कडाडल्या. आईनेही वाजवल्या, हे मला आजही सोसत नाही.

येताना अक्का आमच्या दोघींच्या मधून चालत होत्या. वळणावर त्या म्हणाल्या, “स्वल्प चुकलं.”

“कुठे?” मी घाबरून उच्चार आठवायला लागले.

“तुझं नाही, माझं. मनेमने शिकवलं मी. एक घर मोजायचं राहिलं.”

आई म्हणाली, “असू द्या अक्का. पाठांतर चोख होतं तिचं.”

पुढच्या वर्षी बाईंनी पुन्हा मलाच उभं केलं, तेच भाषण. आई या खेपेला घरीच थांबली, चंद्रकळा नेसून, दहीभात कालवत. मी शेवटच्या वाक्याशी आले आणि ‘मनेमनेयल्लू’च्या जागी म्हटलं, “अनेक मनेगळल्लि.” पुष्कळ घरांमध्ये. टाळ्या पडल्या तेवढ्याच पडल्या. बाईंनी मात्र नंतर कान धरला, “पाठांतर कच्चं झालं तुझं!” मी म्हटलं, हो बाई, विसरले. त्यानंतर मला कधी भाषण मिळालं नाही.

घरी मी काही सांगितलं नाही. शाळेत भाषण ऐकायला आलेल्या अक्काही त्या दिवशी आमच्या घरी आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी, दोन तारखेला सकाळी, त्या ताट घेऊन आल्या. आदल्या दिवशीचे ओबट्टू, वर तूप. आई चुलीपाशी फोडणी घालत होती.

“काल पोरगी एक शब्द चुकली,” अक्का म्हणाल्या.

“कुठला?”

अक्कांनी सांगितला. मी पाटीवर मान घालून बसले होते. मोहरी तडतडायची थांबली, जळाल्याचा वास आला, तरी आई हलेना.

मग तिने अक्कांच्या हातातलं ताट घेतलं.

“चुकू दे,” ती म्हणाली.