फोनवरची दुभाषी बाई

चि. मुक्ता आणि चि. ईशान,

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, "आजी, तुझ्याकडे एखादी खरी भुताची गोष्ट आहे?" मी नाही म्हटलं आणि तुमच्या परीक्षेचा विषय काढला. भूत मी पाहिलेलं नाही, हे खरंच. आजोबा गेल्यावर मंडळातल्या बायका हळूच विचारायच्या, "घरात काही जाणवतं का हो?" मी सांगायची, "हो, बॉयलर सर्व्हिसिंगला आलाय, हे जाणवतं." पण एक गोष्ट माझ्या हिशेबात बसलेली नाही. मेलबर्नमध्ये बसून तुम्हाला उलगडते का बघा.

कॉव्हेंट्रीच्या घरातली वरची मागची खोली, तुमच्या बाबाची, मी वैशालीला भाड्याने दिली आहे. ती मूळची अकोल्याची. लग्न होऊन लंडनजवळ स्लाऊला आली, नवरा तिथे आयटीत. माझ्याकडे आली तेव्हा कडेवर दीड वर्षाची रेवा आणि हातात एक सूटकेस. "आमचं पटलं नाही, काकू," एवढंच म्हणाली. मीही खोदून विचारलं नाही.

वर्ष गेलं. ती वृद्धांच्या केअर होममध्ये काम करायची आणि निम्मा पगार नर्सरीत जायचा. रेवाचा बाप एक पेनी देत नव्हता. मी मागे लागून लागून तिला पोटगीच्या अर्जाला तयार केलं. इथे इंग्लंडमध्ये त्यासाठी सरकारी ऑफिस आहे. आईने अर्ज करायचा, ते बापाचं उत्पन्न बघून रक्कम ठरवतात. मग बाप थेट आईच्या खात्यात पैसे भरतो, नाहीतर ऑफिस त्याच्याकडून वसूल करून आईला देतं. वैशालीने फोनवर अर्ज करायचं ठरवलं. वेळ ठरवताना त्यांनी विचारलं, दुभाषी हवा का? मीच तिला "नको" सांगायला लावलं. इंग्रजी घेऊन एम.ए. केलेली, इथल्या शाळेत सव्वीस वर्षं शिकवलेली मी घरात असताना दुभाषी कशाला?

गुरुवार, सकाळचे अकरा. किचनच्या टेबलावर फोन स्पीकरवर ठेवला होता. शेजारी वैशालीची फाइल आणि नवं बँक कार्ड. रेवा तिच्या उंच खुर्चीत बसून स्टीलच्या वाटीवर चमचा आपटत होती. पलीकडचा अधिकारी सावकाश बोलणारा होता, उच्चार स्कॉटिश. नाव, जन्मतारीख... वैशालीने नीट सांगितलं. मग त्याने विचारलं, सध्याचा पत्ता काय?

वैशाली तोंड उघडणार, तेवढ्यात लाइनवर एका बाईचा आवाज आला. मराठीत.

"पत्ता सांगा, पण आधी सांगा की तो नवऱ्याला कळता कामा नये. भीती वाटते ना तुम्हाला? ते सांगा."

मला रागच आला. एक तर दुभाषी नको म्हणून कळवलेलं, आणि ही बाई भाषांतरच करत नव्हती! त्याने फक्त पत्ता विचारला होता. मी बोट वर केलं, "एक्सक्यूज मी" म्हणायला सुरुवात केली, आणि माझं लक्ष वैशालीकडे गेलं. ती पांढरीफटक पडली होती.

"टेक युअर टाइम," अधिकारी म्हणाला.

"काय सांगू जी?" वैशालीने फोनकडे बघत विचारलं.

"बाथरूमच्या दाराचं सांगा."

मग वैशाली इंग्रजीत बोलायला लागली. व्याकरण सुटत होतं, पण ती थांबली नाही. नवऱ्याने दार तोडलं होतं. आत ती आणि रेवा कडी लावून बसल्या होत्या. आम्ही कुठे आहोत हे त्याला कळलं तर तो येईल, म्हणाली. वर्षभर एका छताखाली राहून मला यातलं अक्षर माहीत नव्हतं. आणि हिला अर्ज करायला मी ढकलत होते!

अधिकाऱ्याने सगळं टिपून घेतलं. पत्ता नवऱ्याला कळणार नाही, म्हणाला. मग बँकेचा तपशील विचारला. वैशालीने कार्ड उचललं. खातं आपल्या कोपऱ्यावरच्या शाखेतलं.

"तो नंबर देऊ नका," बाई म्हणाली. "शाखेवरून गाव कळतं. दुसरं कसलं खातं चालेल, विचारा."

वैशालीने विचारलं. "बरं झालं विचारलंत," तो म्हणाला. गावाचा पत्ता न लागणारं खातं कसं उघडायचं, ते त्याने समजावलं. फोन संपला. बाई पुन्हा बोलली नाही.

चहा घेताना वैशाली म्हणाली, "आमच्या अकोल्याकडचीच होती हो, काकू. बोलण्यावरून लगेच कळलं."

"काहीतरीच! पुण्याची होती. इतकं स्वच्छ बोलत होती."

"तुम्हाला सगळेच चांगले लोक पुण्याचे वाटतात!"

मी माझ्या पद्धतीप्रमाणे ऑफिसला पत्र लिहिलं: दुभाषी बाईंचे आभार, आणि एक सूचना, की भाषांतराची चौकट पाळावी. उत्तर आलं, आपण दुभाषी नाकारला होता; त्या कॉलवर कोणीही दुभाषी नव्हता. मग वैशालीने कॉलचं रेकॉर्डिंग मागवलं. तो इथे आपला हक्क आहे.

त्याच टेबलावर बसून आम्ही ते ऐकलं. तो पत्ता विचारतो. मग त्या बाईचा आवाजच नाही. मधलं काही कापलेलंही नाही, कारण रेवाचा चमचा सारखा ऐकू येतो, टण, टण. "टेक युअर टाइम." वैशालीचं "काय सांगू जी?" पुन्हा नुसता चमचा. आणि मग दाराची हकीकत.

तुम्ही म्हणाल, वैशालीची वारलेली आई असणार. तिची आई ठणठणीत आहे, रोज फोनवर वांग्यांचे भाव सांगते. कुणाची लाइन चुकून जोडली गेली म्हणावं, तर तिला बाथरूमचं दार कसं माहीत? माझ्या मनाचे खेळ म्हणावेत, तर आवाज आम्ही दोघींनी ऐकला. आणि शाखेवरून गाव कळतं, हे आम्हा दोघींपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.

मे महिन्यात पहिले पैसे आले. त्याच आठवड्यात नवऱ्याने वैशालीच्या स्लाऊच्या मैत्रिणीला फोन केला होता, "बँकेच्या नंबरवरून काही कळत नाही. आहे कुठे ती?" हे सांगताना वैशालीने रेवाला इतकं घट्ट धरलं की ती रडायला लागली.

आयुष्यभर मी लोकांना मध्येच थांबवून दुरुस्त करत आले आहे. तुमच्या बाबाला विचारा. ती बाई कोण, याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि त्या दिवशी मी गप्प कशी बसले, याचंही नाही. रेकॉर्डिंगवर माझं "एक्स..." स्पष्ट ऐकू येतं. पुढचं "क्यूज मी" नाही.

तुमची,
आजी