कोर्टासमोरची कॉफी

तेफ्ताच्या दुकानात कुणी पैसे द्यायला खिशात हात घातला, की ती बऱ्याचदा नुसती हनुवटी वर करून म्हणायची, "झालंय." म्हणजे तुमच्या कॉफीचे पैसे कुणीतरी आधीच दिलेत. कुणी दिले ते विचारायचं नसतं. तो भला माणूस पलीकडच्या टेबलावर वर्तमानपत्रात तोंड खुपसून बसलेला असतो, आणि उद्या तुम्ही त्याचे द्यायचे असतात. आमच्या गावात माणसाची पत यावरच ठरते. पैसे कोण देणार यावरून दोन मित्रांनी एकमेकांच्या बाह्या ओढल्या, तर आम्ही त्याला भांडण म्हणत नाही, वळण म्हणतो.

दुकान कोर्टाच्या अगदी समोर. जुनं कम्युनिस्ट राज्य गेलं आणि सरकारी दुकानं तिथल्याच कामगारांच्या नावावर झाली, तेव्हा तेफ्ताला आणि तिच्या नवऱ्याला, सोतीरला, हे मिळालं. पुढे सोतीर वारला, मुलगी इटलीत बेर्गामोला जाऊन राहिली. ती फोनवर म्हणायची, "आई, विकून टाक आणि इकडे ये." तेफ्ता म्हणायची, "तिकडची कॉफी दोन घोटांत संपते. मग दिवसभर काय करू?" एकटी म्हणून कुणी तिची कीव केलेली तिला मुळीच खपत नसे. आवाज खणखणीत, कमरेला कायम स्वच्छ पांढरा फडका, आणि चुलीवरच्या तापल्या वाळूत कॉफीचं लांब दांड्याचं भांडं ती अशी फिरवायची की फेस एकदाही मोडत नसे.

कोपऱ्यातलं टेबल जुन्या न्यायाधीशांचं. त्या टेबलाला पैसे देणं कधी माहीतच नव्हतं. दावा ज्याचा असेल तो कॉफी द्यायचा, मग जेवण द्यायचा, मग पुढचं जे काय द्यायचं ते दुकानाबाहेर. तेफ्ताला सगळं कळायचं, आणि खरं सांगायचं तर तिला त्यात वावगं काही वाटत नसे. पाहुणचार तो पाहुणचार, असं ती म्हणायची. तिच्या गळ्याशी आलं तेव्हा मात्र तिला वेगळं वाटू लागलं.

गावात हजरेदीन नावाचा एक बिल्डर होता. दुकानाची जागा मूळ आपल्या आजोबांची, असा दावा त्यानं ठोकला. जुने न्यायाधीश रोज तेफ्ताची कॉफी प्यायचे, "धीर धर गं तेफ्ता," म्हणायचे आणि पुढची तारीख द्यायचे. हजरेदीनचीही कॉफी ते प्यायचेच. दावा चालू म्हणून छप्पर दुरुस्त करायला परवाना नाही. पाऊस आला की मधल्या टेबलावर पातेलं ठेवावं लागायचं. हजरेदीनला कसलीच घाई नव्हती. तो लोकांत म्हणायचा, "बाई काही अमरपट्टा घेऊन आलेली नाही." ही वर्षं कशी गेली ते तेफ्ताचं तिलाच ठाऊक.

मग युरोपचं वारं आलं. युरोपच्या संघात यायचं असेल तर आधी तुमची कोर्टं धुऊन काढा, असं तिकडून सांगणं झालं. प्रत्येक न्यायाधीशाला विचारलं, घर कुठून आलं? आमच्या न्यायाधीशांचं तळ्याकाठी तीन मजली घर. ते म्हणाले, बायकोच्या मावशीनं दिलं. मावशी जिवंत निघाली, एका खोलीत राहत होती, आणि विचारणाऱ्यांना तिनं खरं ते सांगून टाकलं. न्यायाधीशांना कायमचं घरी बसवलं. गावानं त्या रात्री राकीची दारू वाटली. तेफ्तानंही वाटली. मग हळूहळू ध्यानात आलं की कोर्टात खुर्च्या आहेत, फायली आहेत, बसायला माणूसच नाही. लोक चिडून म्हणायचे, "चोर होता, पण निदान होता तरी!" तेफ्ता त्यांच्यावर खेकसायची, "गप्प बसा. रिकामी खुर्ची तरी निदान माझं काही खात नाही."

शेवटी राजधानीहून अर्लिंदा ब्राहो नावाची तरुण न्यायाधीशबाई आली. पहिल्याच सकाळी दुकानात शिरली, उभ्यानं कॉफी प्याली आणि नाणं पुढे केलं.

तेफ्तानं हनुवटी वर केली. "झालंय."

"कुणी दिले?"

"मी. आमच्याकडे आलेल्या माणसाची पहिली कॉफी दुकानाची असते, पोरी."

"मावशी, मला चालत नाही ते. घ्या हे."

"अगं ठेव! मला काय भिकारीण समजतेस?" म्हणून तेफ्तानं ते नाणं तिच्या कोटाच्या खिशात कोंबलं. बाईनं जाताना ते हळूच बशीखाली सरकवून ठेवलं. तेफ्ताला दिसलं तसा तिचा पारा चढला. ती फडक्यासकट रस्ता ओलांडून पळाली आणि कोर्टाच्या पायऱ्यांवर, चार लोकांदेखत, नाणं परत त्या बाईच्या हातात देऊन आली. दिवसभर ती आल्यागेल्याला सांगत होती, "मी कशी सोडते!"

आता सगळ्या कोर्टात न्यायाधीश ती एकटीच. तेफ्ताचा दावा अर्लिंदाबाईकडेच आला. तेफ्तानं काळा पोशाख इस्त्री केला. सुनावणी सुरू झाली आणि बाई म्हणाली, "काही ऐकण्याआधी मला सांगायचंय. यातल्या एका पक्षाची कॉफी मी प्याले आहे आणि पैसे देऊ शकले नाही. हा दावा मी चालवणं बरोबर नाही."

तेफ्ताला आधी कळेचना. तिचा वकील पेरिक्ली, म्हातारा, गुडघेदुखीनं कण्हणारा, तिच्या कानात म्हणाला, "झालं. गेला दावा दुसऱ्याकडे. आणि दुसरं कोणी तर इथं नाही."

"एका कॉफीपायी?"

"एका कॉफीपायी."

हजरेदीन दारात उभा राहून हसत होता. तेफ्ता घरी आली आणि दावा लागल्यापासून पहिल्यांदा रडली. बाईचा राग तर आलाच, पण त्याहून जास्त स्वतःचा. जुना न्यायाधीश दोघांची कॉफी पिऊन गप्प बसला होता, आणि हिनं एक घोट सगळ्यांसमोर सांगून टाकला. अशी न्यायाधीश आपल्याला मिळाली होती, आणि आपणच तिला हातानं घालवली, हे तिला सहन होईना.

पुढच्या हिवाळ्यात दावा थानास नावाच्या न्यायाधीशांकडे गेला. ते घाट ओलांडून आठवड्यातून एकदा यायचे. निकालाआधीच्या शेवटच्या सुनावणीच्या सकाळी बर्फ पडत होता. थानास आत आले, मिशीवर बर्फ, हात निळे पडलेले. दुकान भरलेलं होतं. हजरेदीन कोपऱ्यातल्या टेबलावर, पेरिक्ली चुलीजवळ.

"एक कॉफी, जरा लवकर," न्यायाधीश म्हणाले, मग खिसे चाचपले. "पाकीट गाडीतच राहिलं, आणि ड्रायव्हर पेट्रोल भरायला गेलाय. दुपारी देतो, चालेल ना?"

तेफ्तानं तोंड उघडण्याआधीच हजरेदीन हात वर करून मोठ्यानं म्हणाला, "साहेबांची माझ्याकडून! सगळ्यांनी ऐकलंय हां!"

पेरिक्लीनं डोळे मिटले. तेफ्ताच्या लख्ख ध्यानात आलं की हा काही पाहुणचार नव्हे. हजरेदीनची कॉफी घेतली तरी दावा लांबणार, तिची उधार घेतली तरी लांबणार, आणि लांबणं एवढंच त्याला हवंय. भांडं वाळूत होतं, फेस वर येत होता, सगळं दुकान तिच्याकडे बघत होतं. तिच्या दारातून शत्रूसुद्धा कधी कोरडा गेला नव्हता.

तिनं भांडं उचललं आणि कॉफी मोरीत ओतली.

"न्यायाधीशसाहेब, तुम्हाला कॉफी मिळणार नाही," ती म्हणाली. सगळ्या दुकानाला ऐकू गेलं. "उधार नाही, कुणाच्या पैशानं नाही. पैसे घेऊन या, मग देते."

"तेफ्ता, तोंड काळं केलंस गावाचं!" कुणीतरी ओरडलं.

"केलं. चुलीशी बसायला पैसे पडत नाहीत, साहेब, हात शेकून घ्या. आणि हे पाणी घ्या. नळाचं आहे, सरकारचं."

थानास तिच्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी हजरेदीनकडे पाहिलं. काय समजायचं ते समजले, उभ्यानं पेलाभर पाणी प्याले आणि म्हणाले, "उपकार झाले, बाई." मग ते तसेच बर्फातून कोर्टात गेले. गावानं तिला पुढे कितीतरी दिवस नावं ठेवली. तिनं सगळी ऐकून घेतली.

निकाल तिच्या बाजूनं लागला. त्या जागेच्या बदल्यात हजरेदीनच्या घराण्याला दुसरीकडे जमीन फार पूर्वीच मिळालेली होती, आणि हे फायलीत पहिल्यापासून होतं. कुणी ते मोठ्यानं वाचलं नव्हतं, एवढंच. वरच्या कोर्टातही निकाल टिकला. तेफ्तानं छप्पर घातलं आणि पातेलं पुन्हा स्वयंपाकाला घेतलं.

छप्पर झालं त्या दिवशी तिनं सगळ्या गावाला कॉफी पाजली. खिशात हात घालणाऱ्या प्रत्येकाला हनुवटी वर करून "झालंय, झालंय" म्हणत होती, ज्यांनी नावं ठेवली त्यांनासुद्धा. गर्दीत अर्लिंदाबाई आली. बाई कॉफी प्याली, जरा घुटमळली, मग तिनं नाणं काढलं आणि धरूनच राहिली, मागचा प्रसंग आठवून असेल.

तेफ्तानं फडक्याला हात पुसला, आणि दुकान मिळाल्यापासून पहिल्यांदा पैशासाठी स्वतःहून हात पुढे केला. "आण इकडे, पोरी," ती म्हणाली. "आज इथं जिला फुकट नाही अशी तू एकटीच आहेस."

बाई हसली आणि तिनं नाणं त्या हातावर ठेवलं. तेफ्तानं सुटे मोजून परत दिले.