निळा लॅपटॉप फक्त साहेबांसाठी

“मॅडम, फील्डवालों को दो सौ छप्पन बहुत है. मुझे वन टीबी डाल दो.”

मल्होत्रासाहेबांनी हे दोन चहा मागवावेत इतक्या सहज सांगितलं. ते आमचे डायरेक्टर. लॅपटॉपची ऑर्डर संध्याकाळपर्यंत जायची होती, कारण आमची फील्ड रेकॉर्डिस्ट प्रणिता पुढच्या आठवड्यात कुमाऊंला निघणार होती. तिथल्या एका डोंगरी गावात एक म्हातारी आहे, सगळे तिला आमा म्हणतात. ती एक लांबलचक कथा सांगते. ती अख्खी येणारं दुसरं कुणी आता उरलेलं नाही. आमाला दम लागतो. ‘राहिलं तर पुन्हा जाऊ’ हे चालणार नव्हतं.

आमचा स्टुडिओ नोएडात आहे, लोककथा रेकॉर्ड करतो. मी जन्मभर एका सरकारी खात्याच्या कॉम्प्युटर सेक्शनमध्ये होते. आता नातवंडांची आजी झाले, तरी आठवड्यातून दोनदा दिल्लीतल्या द्वारकेहून मेट्रो पकडून इथे सल्ला द्यायला येते. घरी माझं कुणी ऐकत नाही. इथेही ऐकत नाहीत, पण निदान पैसे देऊन ऐकत नाहीत.

आता हे दोनशे छप्पन काय प्रकरण आहे? दिल्लीत घरोघरी बॉक्स बेड असतो. गादी उचलली की खाली पेटी. उन्हाळा आला की सगळ्या रजया तिच्यात. बेडवर एका वेळी किती जण बसू शकतात ती झाली रॅम. पेटीत किती रजया मावतात ते स्टोरेज. २५६ जीबी म्हणजे लहान पेटी, ५१२ तिच्या दुप्पट, एक टीबी साधारण चौपट. जुन्या जाडजूड लॅपटॉपमध्ये पेटी बदलून मोठी बसवता यायची. आता वजन कमी करायच्या नादात बऱ्याच हलक्या लॅपटॉपमध्ये ती आत कायमची डकवून टाकतात. घेताना चुकलात, की पुढे रजया डोक्यावर घेऊन हिंडा.

“सर, प्रणिता को ज़्यादा लगेगा. क्लायंट को अब व्हिडिओ भी चाहिए.”

“तो एक्स्टर्नल ड्राइव्ह दे दो.”

“वो दूसरी कॉपी के लिए है. पहली कहाँ रखेगी?”

“अरे, क्लाउड है ना!”

“उस गाँव में फोन लगाने के लिए पहाड़ी चढ़नी पड़ती है, सर.”

मग खरं कारण बाहेर आलं. “मॅडम, डायरेक्टर के पास छोटा और लड़की के पास बड़ा? अच्छा लगता है क्या?”

मला हसू आलं. हा माणूस माझ्या चांगल्या ओळखीचा होता. तरुणपणी मी अशीच होते.

तेव्हा मी सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमधून कडक इस्त्रीची साडी नेसून निघायची, नाक छताला टेकलेलं. आमच्या भवनात खुर्चीवरच्या टॉवेलपासून खोलीतल्या गालिच्यापर्यंत सगळं हुद्द्याप्रमाणे मिळे. कॉम्प्युटर आले तेव्हा मी मोठ्या रुबाबात हार्ड डिस्कही हुद्द्याप्रमाणेच वाटल्या. सगळ्यात मोठी संचालकांना. त्यांनी कॉम्प्युटरला क्रोशाचं कव्हर घातलं आणि वर मनीप्लांट ठेवला. खालच्या मजल्यावर डेटा एंट्रीच्या मुली फ्लॉपी बदलता बदलता माझा उद्धार करत होत्या. आणि या बाईसाहेब, म्हणजे मीच, कँटीनमध्ये ऐकवायच्या, “सिस्टीम म्हणजे सिस्टीम!” ती बाई आज मेट्रोत भेटली तर मी तिची वेणी ओढीन आणि पुढच्या स्टेशनवर उतरून जाईन.

साहेबांना ‘बघते’ म्हणाले आणि प्रणिताच्या टेबलाशी गेले. ही परभणीची पोर. यूपीएससी करायला दिल्लीत आली, पूर्वपरीक्षा हुकली, आणि मायक्रोफोनच्या नादाला लागली.

“काय गं, तुला दोनशे छप्पन पुरतं का?”

“पुरतं की काकू. मी रोज संध्याकाळी साफ करते ना.”

“काय साफ करतेस?”

“चांगलं नसेल ते. ही म्हातारी माणसं मधेच थांबतात, खोकतात, ‘जेवलीस का’ विचारतात. दुसरा टेक चांगला आला की पहिला डिलीट.”

“दुसरा चांगला आला हे कसं कळतं? सगळा ऐकतेस?”

“एवढा वेळ कुठे असतो! वरवर बघते. आणि डिलीट नाही केलं तर दुसऱ्या दिवशी रेकॉर्ड कशात करू?”

मी शेजारची खुर्ची ओढून बसलेच. हिने कधी तक्रार केली नव्हती, म्हणून सगळ्यांना वाटत होतं की पुरतंय. पेटी लहान म्हणून ही पोर रजया जाळत होती.

परत जाताना साहेबांच्या जुन्या लॅपटॉपमध्ये डोकावले. तोही एक टीबीचा. आत प्रेझेंटेशन्स आणि भाचीच्या लग्नाचे फोटो. बाकी सगळी पेटी रिकामी.

आता भांडून काही होणार नाही, हे इतक्या वर्षांच्या सरकारी नोकरीने शिकवलं होतं. साहेबाला खाली आणता येत नाही. त्याला दुसरीकडे वर चढवावं लागतं. मी डीलरने पाठवलेली सगळी मॉडेलं पुन्हा पाहिली आणि एक स्क्रीनवर उघडून त्यांच्यासमोर धरलं.

“सर, ये देखिए. सबसे पतला, सबसे हल्का. ये नीला रंग और किसी मॉडेल में नहीं आता.”

“सबको मिलेगा?”

“नहीं सर, ऑफिस में एक ही. फील्डवालों को तो बिल्कुल नहीं. उनको वही ग्रे वाला, देखने में मामूली.”

“स्टोरेज?”

“इसमें दो सौ छप्पन ही आता है. आप ही ने कहा था, बहुत है.”

साहेबांनी चष्मा वर केला. “यार, रंग तो अच्छा है.”

“और ग्रे वाला वन टीबी में ले लूँ?”

“ले लो, ले लो,” साहेब निळ्या रंगावरची नजर न हलवता म्हणाले. मी एक अक्षर खोटं बोलले नव्हते. ऑर्डर वेळेत गेली.

प्रणिताला निघताना बजावलं, “काही पुसायचं नाही. खोकलासुद्धा नाही. परत आलीस की आपण दोघी बसून ऐकू.”

ती गेली आणि तिचा फोन लागेनासा झाला. मी येई त्या प्रत्येक दिवशी साहेब माझ्या टेबलाशी येऊन निळा लॅपटॉप दोन बोटांवर तोलून दाखवत. मी तोंडभर कौतुक करी, आणि ते वळले की पुन्हा प्रणिताचा नंबर लावी.

प्रणिता परतली ती उन्हाने सोललेलं नाक आणि उतरलेला चेहरा घेऊन. आमाने कथा दोनदा सांगितली होती. दुसरा टेक फार सुंदर, पण शेवटाला आमाच्या पत्र्याच्या छपरावर गारा पडल्या. कथेचा शेवट ऐकूच येत नव्हता. गारा थांबेपर्यंत आमाचा आवाज बसला, तो प्रणिता निघेपर्यंत खुलला नाही.

साहेबांनी कपाळाला हात लावला. “और पहला वाला?”

प्रणिताने माझ्याकडे पाहिलं. “आहे, काकू. पुसला नाही.”

हेडफोन काढून आम्ही स्पीकर लावला. आमा थांबत होती, खोकत होती, पाणी मागत होती. आणि मग शेवट आला. स्वच्छ, सगळाच्या सगळा. संपल्यावर लगेच आमाचा आवाज, “खाना खाया, बेटी?” प्रणिता हसता हसता रडायला लागली.

“देखा!” साहेबांनी टेबलावर थाप मारली. “मैं तो हमेशा कहता हूँ, फील्ड को अच्छी मशीन दो!”

“जी सर,” मी म्हणाले.

तेव्हापासून कुणी मला विचारलं की हलक्या लॅपटॉपमध्ये जागा किती घ्यावी, तर मी हुद्दा विचारत नाही आणि ‘किती लागते’ हेही विचारत नाही. तुम्ही रोज काय पुसता, एवढंच विचारते. साहेबांचा निळा अजून छान चाललाय. त्यांना काही पुसावं लागत नाही.