तोफेच्या पुंगळीवर माझं नाव

आमच्या आबांची फुलदाणी तोफेतून निघालेली आहे.

म्हणजे त्याचं असं, माझे सासरे, आबा, तोफखान्यात सुभेदार होते. एकाहत्तरच्या लढाईत गोळा उडाल्यावर मागे राहिलेली पितळी पुंगळी त्यांनी घरी आणून तिची फुलदाणी केली. तोफेवरच्या सगळ्या गड्यांनी खिळ्यानं तिच्यावर आपापली नावं कोरलेली. आबांचे तेव्हाचे साहेब दिवेआगरला आमच्या होमस्टेत उतरणार कळलं, तसे आबा तळा गावाहून ती मांडीवर घेऊन आले. (एसटीत कंडक्टरलाही हात लावू दिला नाही!)

"जावईबापू, साहेबांना दाखवायचीय. हिला काही झालं, तर माझी मान खाली जाईल."

झालं! मी जबाबदारी घेतली. आमच्याकडे पाहुणे आले की तांब्या-पेल्यांना पाय फुटतात, म्हणून घरातल्या चमच्यावरसुद्धा मी नाव घातलंय. तडक निघालो बोर्ली पंचतनला, नाव घालणाऱ्याकडे.

"शेठ, हिच्यावर आधीच नावं हायत की!"

"मग माझं मोठं टाक! सगळ्यांत वर!"

मी चहा प्यायला गेलो, तेवढ्यात त्यानं सवयीनं पुढचंही उरकलं. घरी येऊन बायकोला दाखवलं. मंदानं मोठ्यानं वाचलं.

"'श्री. दिगंबर यांजकडून सप्रेम भेट'! अहो, लग्नातला कुकर आहे का हा?"

तोवर साहेबांची गाडी दारात! मी घाईघाईनं माझं नाव भिंतीकडे करून ठेवलं.

जेवायला बसता बसता साहेबांनी नेमकी फुलदाणी उचलली. एकेक नाव वाचताना त्यांचे डोळे भरून आले. आबांचेही आले. माझेही, पण भीतीनं! मग त्यांनी ती फिरवली.

"दिगंबर? सुभेदार, हा आपल्या तोफेवर कधी होता? आणि शत्रूला सप्रेम भेट?"

आबांनी वाचलं. माझ्याकडे पाहिलं. मी लगबगीनं आमटीचं पातेलं उचललं. पण काही झालं तरी जावई! एकुलत्या एका लेकीचा नवरा!

"आपला आचारी होता, साहेब," आबा दातओठ खात म्हणाले.

साहेब विचारात पडले. मग एकदम मांडीवर थाप!

"आठवला! त्याच्या डाळीनं अख्खी तुकडी झाडीत बसवली होती! हलकट मेला!"

मी आमटीचं पातेलं घेऊन शेजारीच उभा. हसून हसून साहेबांना ठसका लागला. पाणी पिऊन त्यांनी वाटी पुढे केली.

"अरे हो, जावईबापू, तुमचं नाव विचारायचंच राहिलं!"

"नाव कशाला, साहेब?" मी म्हणालो. "गावात मला सगळे मंदाचा नवराच म्हणतात."