टोपली रिकामी होईपर्यंत

स्वातंत्र्याच्या पंच्याहत्तरीचं वीस रुपयांचं नाणं माझ्या सासऱ्यांनी जाईपर्यंत जपलं होतं. मी ते पनवेलच्या बाजारात एका कोळणीला बोंबलांच्या पैशांत देऊन आलो. चूक कळताच धावत परत गेलो, दुसरे वीस रुपये पुढे केले.

"भवानी हाय ती, दादा. टोपली रिकामी झाल्याबिगर पयलं नाणं देत नाय. बसा."

नाणं तिनं पदराच्या गाठीत बांधलं होतं. गिऱ्हाइकाशी भांडतानाही एक हात गाठीवर. "सासऱ्यानं इतकं जपलं, मी दुपारपातूर जपते," ती म्हणाली. वाद घालून हरलो आणि माश्या वारत बसलो. शेवटचा बोंबील गेल्यावर तिनं नाणं धुऊन, पुसून माझ्या हातावर ठेवलं.

घरी बायको म्हणाली, "बाबा होते तेव्हा त्यांच्यापाशी इतका वेळ कधी बसला नव्हतात."