बोटावरचा फणस

काल दुपारी बाबांनी अंगणात फणस फोडला आणि आळीभर गरे वाटले. मधुमेहामुळे स्वतः मात्र एकही खाल्ला नाही. मग खोबरेल तेलाने हातांचा चीक काढला, फडक्याला हात पुसले आणि जेवणाआधीची साखर बघायला बसले. बोट टोचून थेंब पट्टीला लावला, तर यंत्रावर आकडा आला दोनशे शहाऐंशी!

"किती गरे खाल्लेत?" आईने विचारलं.

"तुझी शपथ, एकही नाही!"

आईने त्यांचं बोट नाकाशी धरून हुंगलं आणि खुदकन हसली. "अहो, तेलाने चीक निघतो, साखर नाही. साबणाने हात धुऊन या."

नव्या पट्टीवर एकशे बारा आले. बाबांनी चक्क टाळी वाजवली.

मला ती पहिली पट्टी टाकवेना. आजवरच्या पट्ट्यांनी बाबांच्या खाण्याच्या चुगल्याच केल्या होत्या. ही एकटी मात्र त्यांनी लोकांना किती वाटलं ते सांगत होती.

आईने एक गरा त्यांच्यापुढे धरला. "एकच हं."

बाबांनी त्याचे दोन भाग केले आणि अर्धा तिला दिला. धुतलेलं बोट पुन्हा चिकट झालं.